मीटर खोटा, स्कोप आंधळा: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर जवळपास नाहीतच, सगळी स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आकार स्क्रीनवर रेघेने दाखवणारं यंत्र), मीटर आणि पॉवर सप्लायची गर्दी. त्याचं कारणही माहितीये. कंपन्यांमधली जुनी टेस्ट इक्विपमेंट भंगाराच्या भावात निघते, त्यातली काही बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात दिसते, आणि आपले हौशी लोक ती उचलून घरी आणतात. (मीही त्यातलाच, घरचे काय म्हणतात ते विचारू नका.) पत्रं थोडी कापली आहेत, उत्तरं तशीच ठेवली आहेत.

२० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलवाला जुना सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबचा) स्कोप घेतला. पॉवरची एलईडी लागते पण स्क्रीनवर काहीच नाही, ना रेघ ना ठिपका. सगळी बटणं फिरवून झाली. ट्यूब गेली असणार असं मित्र म्हणतो. नवीन ट्यूब मिळेल का? (एक वाचक, सहकारनगर)

मित्राला म्हणावं थांब जरा. ट्यूब क्वचित जाते, आणि गेली तर नवीन ट्यूब शोधण्यापेक्षा दुसरा स्कोप शोधणं स्वस्त पडतं. "सगळी बटणं फिरवून झाली" हे वाचून मला जास्त काळजी वाटली, कारण सीआरटी स्कोपमध्ये रेघ गायब करायचे निदान चार मार्ग पुढच्या पॅनेलवरच असतात आणि तुम्ही बहुतेक चारही वापरलेत. आधी हे करा: दोन्ही चॅनेलचे पोझिशन नॉब मधोमध, आडवा पोझिशनही मधोमध, इंटेन्सिटी पाऊणच्या वर, इनपुट कपलिंग ग्राउंडवर, एक्स-वाय चं बटण बाहेर, आणि ट्रिगर ऑटोवर. हा शेवटचा फार लोकांना फसवतो. ट्रिगर नॉर्मलवर असेल आणि सिग्नल नसेल तर स्वीप, म्हणजे ठिपक्याचं डावीकडून उजवीकडे रेघ काढत जाणं, सुरूच होत नाही, मग स्क्रीन काळीच राहणार, त्यात बिघाड काही नाही. बीम फाइंडचं बटण असेल तर दाबून बघा, रेघ कुठे पळाली आहे ते कळतं.

एवढं करून काही नाही आलं तर मग कव्हर. पण त्याआधी एक सिरीज बल्ब तयार करा, म्हणजे लाइनमध्ये ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा फिलामेंटवाला बल्ब, एलईडी बल्ब चालत नाही इथे. स्कोप त्यातून चालू केला की बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. कोणाकडे डिमरस्टॅट (नॉबने व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अजून छान, कित्येक वर्षं पडून राहिलेल्या स्कोपला एकदम २३० व्होल्ट देण्यापेक्षा हळूहळू वर नेलेलं त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना मानवतं. (आत ट्रान्सफॉर्मरचा साधा सप्लाय असेल तरच हं. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगचा सप्लाय, असेल तर कमी व्होल्टेजवर तो नुसता उचक्या देत बसतो आणि आपण नसलेला फॉल्ट शोधत बसतो.)

कव्हर काढल्यावर खोलीतला दिवा बंद करून ट्यूबच्या मागच्या टोकाला बघा, फिलामेंटचा बारीक लाल ठिपका दिसतो का. दिसला म्हणजे हीटरला सप्लाय आहे. मग लो व्होल्टेज रेल्स, म्हणजे आतल्या सप्लायच्या लाइन, मोजा, सर्किट डायग्राम मिळाला तर उत्तमच, नाहीतर रेग्युलेटर आयसीचे नंबर वाचा, ७८१२ वर अधिक १२ आणि ७९१२ वर उणे १२ आलंच पाहिजे. डीसी मोजून झालं की त्याच जागी मीटर एसीवर टाकून रिपल, म्हणजे डीसीवर बसलेली एसीची लहर, बघा, हे लोक करतच नाहीत. १२ व्होल्ट बरोबर दिसतात पण त्यावर दीड-दोन व्होल्टांचा रिपल बसलेला असतो, म्हणजे फिल्टर कपॅसिटर वाळलाय. एक सावध सूचना, काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात, त्यामुळे लाल प्रोबच्या पुढे ०.१ मायक्रोफॅरडचा, रेलपेक्षा भरपूर जास्त व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये लावून मोजा. आणि जुन्या माणसाचं ऐका, हीटसिंकवर बसवलेल्या रेग्युलेटर आणि पॉवर ट्रान्झिस्टरच्या पायांना आधी नुसतं सोल्डर परत लावून बघा. तिथे ताप-थंड होऊन ड्राय सोल्डर होतं, भिंगातून पायाभोवती गोल चीर दिसते.

कपॅसिटर बदलायचे तर १०५ डिग्रीचेच घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर. तपकीर गल्लीत सगळं मिळतं पण दुकान बघून घ्या, कारण नवीन स्लीव्ह चढवलेला जुना माल पण मिळतो आणि तो बसवून फॉल्ट तसाच राहिला की माणूस उगाच दुसरीकडे शोधत जातो.

आता महत्त्वाचं. ट्यूबच्या मागचा जो हाय व्होल्टेजचा भाग आहे तिथे या साध्या २० मेगाहर्ट्झच्या स्कोपमध्येसुद्धा दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात, मोठ्या स्कोपमध्ये तर दहा हजारांच्याही वर. तुमचा मीटर हजार व्होल्टचा आहे, त्याने तिथे मोजायचं नाही, मीटर तर जाईलच, वर तुम्हालाही झटका. हाय व्होल्टेज प्रोब नसेल तर या भागाला हात नाही. लो व्होल्टेज सगळं बरोबर, हीटर पेटलेला, तरी रेघ नाही, असं झालं तर तिथे थांबा आणि मला मॉडेल नंबर आणि मोजलेले आकडे लिहून पाठवा. दहातल्या आठ केसेस त्याच्या आधीच सुटतात.

सर, माझ्या मल्टिमीटरवर घरच्या सॉकेटला २६४ व्होल्ट येतात. शेजारच्या काकांच्या मीटरवर तेव्हाच २३२ आले. फ्रिज, टीव्ही जळेल का? महावितरणकडे तक्रार करावी का? (डिप्लोमाची विद्यार्थिनी, कर्वेनगर)

तक्रार नको करूस, आधी मीटरची ९ व्होल्टची बॅटरी बदल.

तुझा मीटर त्या पिवळ्या ८३० छापाचा असणार. त्यात ७१०६ जातीचा आयसी असतो, आणि तो इनपुटची तुलना आतल्या १०० मिलिव्होल्टच्या रेफरन्सशी करून आकडा दाखवतो. बॅटरी चांगली आहे तोवर तो रेफरन्स घट्ट असतो. बॅटरी सातच्या खाली गेली की तो सुटतो आणि खाली यायला लागतो. १०० चा ८८ झाला की २३२ चे २६४ दिसणार, गणित करून बघ. फूटपट्टीच आखडली की कापड लांब भरतं. काही स्वस्त मीटरमध्ये बॅटरी लो ची खूणही येत नाही म्हणून कळत नाही.

घरबसल्या खात्री करायची तर नवा कोरा दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल मोज, १.५८ ते १.६ च्या आसपास यायला हवं. तुझ्या मीटरवर १.८ आलं तर मीटर खोटा.

आणि आता तू विचारलं नाहीस तरी सांगतो. त्या मीटरने घरची लाइन मोजणं मला आवडत नाही. १० अँपिअरच्या भोकाला बहुतेक फ्यूजच नसतो, आत एक जाड तार असते बस, आणि दुसऱ्या भोकाला काचेचा छोटा फ्यूज. चुकून लाल प्रोब १० अँपिअरमध्ये राहिली आणि तू सॉकेटमध्ये घातलीस तर थेट शॉर्ट. चांगल्या मीटरमध्ये सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला फ्यूज असतो, ती वाळू आतली ठिणगी विझवते, काचेचा फ्यूज अशा वेळी फुटतो. मीटरवर कॅट टू, कॅट थ्री (सुरक्षेची कॅटेगरी) लिहिलेलं असतं ते मीटर कुठे लावायचा हे सांगायला: घरच्या सॉकेटला कॅट टू, डिस्ट्रिब्यूशन बोर्डला कॅट थ्री. पण नुसतं छापलेलं असून उपयोग नाही, आत फ्यूज कोणता आहे ते उघडून बघ. आणि उडालेल्या फ्यूजला तार गुंडाळायची आपल्याकडची जी पद्धत आहे ती मीटरमध्ये अजिबात नको.

फंक्शन जनरेटरवर ५ व्होल्ट पीक टू पीक सेट करतो, स्कोपवर १० दिसतात. जनरेटर कॅलिब्रेट कसा करायचा? (हडपसर)

करायचा नाही, तो बरोबर आहे. त्याचा आउटपुट ५० ओहमचा आणि तो पुढेही ५० ओहमचा लोड आहे असं धरून आकडा दाखवतो. तुमच्या स्कोपचा इनपुट एक मेगाओहम, म्हणजे लोड जवळजवळ नाहीच, त्यामुळे दुप्पट. स्कोपच्या इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेटर (लोडचा रेझिस्टर) लावा नाहीतर जनरेटरच्या मेनूमध्ये हाय-झी (मोठ्या ओहमचा लोड) असा पर्याय असेल तो निवडा. तरीही दहापट वगैरे फरक दिसला तर प्रोबवरचा एक-एक्स दहा-एक्सचा खटका बघा.

एसएमपीएस दुरुस्त करतो. प्रायमरी साइडला स्कोपच्या प्रोबचा ग्राउंड लावला की ईएलसीबी (अर्थला करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) उडतो, एकदा तर प्रोबची वायरच वितळली. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, सगळे असंच करतात. करू का? (भोसरी)

नाही. आणि "सगळे असंच करतात" हे खरं आहे म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

प्रोबचा जो मगरीचा चिमटा आहे ना, तो स्कोपच्या पत्र्याला जोडलेला आहे आणि पत्रा अर्थला. एसएमपीएसची प्रायमरी रेक्टिफायरमधून थेट लाइनला. तुम्ही चिमटा तिथे लावला म्हणजे लाइन अर्थला शॉर्ट केली. ईएलसीबी उडतो ही त्याची मेहेरबानी. अर्थ पिन काढली की ईएलसीबी उडायचा थांबतो हे बरोबर, पण मग स्कोपचा सगळा पत्रा, बीएनसी (प्रोब जोडायचं सॉकेट), नॉबचे स्क्रू, सगळं लाइनच्या व्होल्टेजला जातं आणि तुमचा हात त्याच नॉबवर. स्कोप सुरक्षित दिसतो, चालतो पण, आणि म्हणूनच जास्त वाईट.

योग्य रस्ता उलटा आहे. स्कोप अर्थलाच ठेवायचा आणि ज्याची दुरुस्ती करताय तो एसएमपीएस आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून (ज्याची इनपुट-आउटपुटची वाइंडिंग वेगळी असतात) चालवायचा. एकास एक, २३० ते २३०, तुमच्या कामाला २५०-३०० व्हीए पुरतो, वाइंडिंगवाल्याकडून करून मिळतो. ऑटो ट्रान्सफॉर्मर किंवा डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे, हे वाइंडिंगवाल्यालाही एकदा सांगा. आयसोलेशनवर असतानाही दोन हात दोन ठिकाणी लागले तर झटका बसतोच, ईएलसीबी तेव्हा वाचवणार नाही. ट्रान्सफॉर्मर नको असेल तर डिफरन्शियल प्रोब घ्या, नाहीतर दोन प्रोब वापरून, दोन्हीचे चिमटे मोकळे ठेवून, चॅनेल दोन इन्व्हर्ट करून ॲड करा, म्हणजे दोन पॉइंटमधला फरक दिसतो. प्रोब मात्र १०-एक्सवर आणि तेवढ्या व्होल्टेजची हवी.

याच्याशी जोडून पेठेतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे की वाड्यात राहतात आणि स्कोपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तुमच्या सॉकेटला अर्थिंगच नाहीये. लाइन फिल्टरच्या दोन कपॅसिटरच्या मध्ये पत्रा लटकतो आणि त्याला साधारण अर्धं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येतं. करंट फार थोडा असतो पण तुम्ही ज्या सर्किटला प्रोब लावाल त्यातला नाजूक आयसी तेवढ्यानेही जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग करून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडून देतो म्हणणारा इलेक्ट्रिशियन परत पाठवा.

एचपी ३४७८ए बेंच मीटर मिळाला, साडेपाच डिजिटचा, मस्त चालतो. इंटरनेटवर वाचलं की आतली बॅटरी संपली की मीटर निकामी होतो. खरं का? मी स्वतः बदलू का? (औंध)

निकामी नाही होत, पण त्याची स्मरणशक्ती जाते. १९८० च्या दशकातल्या या मीटरमध्ये कॅलिब्रेशनसाठी पॉट फिरवायचे नसतात, सगळे करेक्शनचे आकडे एका छोट्या सीमॉस रॅममध्ये आहेत आणि मीटर बंद असताना त्या रॅमला जिवंत ठेवते ती बोर्डवर सोल्डर केलेली ३ व्होल्टची लिथियम बॅटरी. ती गेली की चालू करताना अनकॅलिब्रेटेड असं दिसतं आणि मग परत कॅलिब्रेट करायला तुमच्या मीटरपेक्षा चांगली साधनं लागतात, जी आपल्यापैकी कोणाच्या घरी नसतात. त्यामुळे मीटर चालू आहे तोवरच हे काम करायचं.

पहिलं काम आकडे बाहेर काढून ठेवणं. मागे जीपीआयबी (यंत्र कॉम्प्युटरला जोडायचा) पोर्ट आहे, आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) बनवलेला जीपीआयबी ॲडॅप्टर जोडून कॅलिब्रेशनची पूर्ण रॅम वाचता येते, लोकांनी प्रोग्रॅम लिहून फुकट ठेवलेत. ती फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा. हे झालं की अर्धी भीती गेली, कारण पुढे काही चुकलं तरी आकडे परत लिहिता येतात.

मग बॅटरी. मीटरचा प्लग काढायचा. दोन नवे डबल-ए सेल होल्डरमध्ये घालून, अधिक बाजूला एक शॉटकी डायोड टाकून, जुन्या बॅटरीच्याच दोन ट्रॅकना पॅरलल टाचायचे, पोलॅरिटी दोनदा बघून. डायोड यासाठी की जुन्या बॅटरीचा करंट उलटा सेलमध्ये जायला नको. आता जुनी काढली तरी रॅमला जवळजवळ तीन व्होल्ट मिळत राहतात. सोल्डर टेकवायच्या क्षणी सोल्डरिंग आयर्नचाही प्लग काढा, गरम टोक तेवढा वेळ पुरतं, आणि स्वस्त आयर्नच्या टोकाला येणारी लीकेज रॅमपर्यंत जात नाही. नवीन बॅटरी थेट बोर्डवर न लावता होल्डर लावला तर पुढच्या वेळी सोपं जाईल. पण रिचार्जेबल लावू नका.

पुढच्या पॅनेलवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायची कॅल एनेबलची (कॅलिब्रेशनचे आकडे बदलू देणारी) खाच आहे. ती काय आहे बघू म्हणून फिरवायची नाही, घरात लहान मुलं असतील तर त्यावर चिकटपट्टी लावा.

आणि बाहेरून आलेलं कुठलंही यंत्र पहिल्यांदा लावायच्या आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघायचा. अमेरिकेत वापरलेलं असेल तर १२० वर असतो. २३०-२४० ला आणल्यावर फ्यूजही बदलायचा, साधारण निम्म्या अँपिअरचा, मागे लिहिलेलं असतं.

० ते ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा पॉवर सप्लाय. ५ वर सेट करून बोर्ड लावला आणि बोर्ड जळाला, आता नॉब कुठेही फिरवा, ४० व्होल्टच येतात. (धायरी)

पास ट्रान्झिस्टर, म्हणजे आतलं जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारा, तो शॉर्ट. तुमच्यात मागे हीटसिंकवर मोठे गोल टोपीवाले २एन३०५५ असतील. प्लग काढा, मोठा फिल्टर कपॅसिटर एखाद्या ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करा, मग कलेक्टर (म्हणजे बॉडी) आणि एमिटर यांच्यात मीटर बीप करतो का बघा. दोन-तीन पॅरलल असतील तर एक शॉर्ट झाला की सगळेच शॉर्ट दिसतात, एकेक सोडवून मोजावं लागेल. एमिटरचे ०.१ किंवा ०.२२ ओहमचे रेझिस्टर पण बघा, आणि आधीचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, तो बहुतेक सोबत जातो.

का गेला ते बघा नाहीतर नवाही जाईल. आत ४० व्होल्ट, बाहेर शॉर्ट, ३ अँपिअर, म्हणजे १२० वॉट एकट्या ट्रान्झिस्टरवर. २एन३०५५ ला डेटाशीटमध्ये ११५ वॉट दिलेत आणि तेही टोपी २५ डिग्रीला असताना, पुण्याच्या एप्रिलमध्ये ते स्वप्नच. तुमच्यात एकच असेल तर दोन करा. अभ्रकाची चकती नवी, थर्मल पेस्ट पातळ, आणि बसवल्यावर बॉडी हीटसिंकला शॉर्ट नाही ना तेवढं मोजा. बाजारात डुप्लिकेट ३०५५ भरपूर आहेत, आत चिप एवढुशी असते, हलका लागला तर घेऊ नका. झाल्यावर लगेच बोर्ड लावायचा नाही, गाडीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब लावून अर्धा तास चालवा.

जुना परदेशी फ्रिक्वेन्सी काउंटर अर्धा तास छान चालला, मग फट् आवाज, पांढरा धूर, घाण वास. पण काउंटर अजून चालू आहे! वापरू का? (सिंहगड रोड)

तसाच नको. मेन्सच्या एंट्रीपाशी पिवळट पारदर्शक डबीतला कागदी कपॅसिटर असणार, त्याला वर्षानुवर्षांत बारीक चिरा पडतात, चिरांतून ओल आत जाते आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर काय विचारायलाच नको. तो नुसता नॉइज गाळायला असतो म्हणून तो गेला तरी काउंटर चालतो. जागी एक्स-टू (लाइन आणि न्यूट्रलमध्ये लावायच्या सुरक्षित जातीचा) लिहिलेला २७५ व्होल्ट एसीचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा, साधा ४०० व्होल्ट डीसीचा चालणार नाही. जवळ तसेच अजून असतील ते न फुटलेलेही बदला, पण लाइन ते पत्रा असे जोडलेले असतील तर तिथे वाय-टू लागतो. चिकट काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. आणि काही यंत्रांमध्ये हा कपॅसिटर स्विचच्या आधी असतो, म्हणजे यंत्र बंद असलं तरी तो लाइनवरच, तेव्हा बदलेपर्यंत प्लगच काढून ठेवा.

दुरुस्तीनंतर मीटर बरोबर दाखवतोय हे घरी कसं तपासायचं? (तीन-चार वाचक)

एडी५८४ आयसीचा छोटा रेफरन्स बोर्ड मिळतो, २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देतो. सोबत ०.१ टक्क्याचे दोन-चार रेझिस्टर, १००, १ के, १०० के असे. साडेतीन डिजिटच्या मीटरला एवढं भरपूर झालं. मित्राच्या चांगल्या मीटरवर एकदा हे सगळं मोजून आकडे बोर्डच्या मागेच मार्करने लिहून ठेवा, तारखेसकट. कंपनीत ऑडिटला दाखवायचा मीटर असेल तर मात्र एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या लॅबचं सर्टिफिकेटच लागतं, तिथे हे चालत नाही. आणि आतले ट्रिमर, आकडा एखाद्या डिजिटने इकडेतिकडे दिसतो म्हणून, फिरवत बसू नका.